सेन्स हॅटवर तापमान ८ अंशांनी जास्त का दिसतं? (रास्पबेरी पाय आणि घरगुती हवामान नोंदी)

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी,

यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून घरच्या घरी हवेच्या नोंदी ठेवायच्या असं भाचीनं आणि मी ठरवलंय. राहायला कोथरूडला. घरात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक होताच, त्यावर बसणारा सेन्स हॅट हा सेन्सर बोर्ड घेतला. तापमान, आर्द्रता, वायुदाब, होकायंत्र, हालचाल आणि वर ८ गुणिले ८ रंगीत दिव्यांची पाटी, सगळं एकाच बोर्डावर. सोल्डरिंग नाही, वायरी नाहीत. चाळीस पिनांवर दाबून बसवला, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहिल्या आणि आकडे यायला लागले.

पण आकडे विचित्र आहेत. भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर २९ अंश आणि आर्द्रता ६० टक्के दाखवतंय. त्याच खोलीत सेन्स हॅट ३७ अंश आणि ३८ टक्के सांगतोय. वायुदाब ९४५ हेक्टोपास्कल येतो, बातम्यांत मात्र १००६-१००७ असतो. पायच्या प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ते ५८ आहे.

तापमान वाचायला दोन फंक्शनं आहेत, एक आर्द्रतेच्या सेन्सरवरून आणि एक दाबाच्या सेन्सरवरून. दोन्ही वेगवेगळे आकडे देतात. खरं कुठलं मानायचं? बोर्ड सदोष आहे का? परत करायची मुदत अजून आहे, म्हणून जरा घाईनं विचारतेय.

---

खटपट्या

परत करू नका, बोर्ड ठणठणीत आहे. तो प्रोसेसरच्या बरोबर डोक्यावर बसतो, त्यामुळे खालची गरम हवा त्याला लागते आणि पिनांमधूनही उष्णता वर चढते. दोन्ही सेन्सर बोर्डावर वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून दोन आकडे. खोलीचं तापमान दोन्हींतलं एकही सांगत नाही.

उपाय: चाळीस पिनांची चपटी रिबन केबल आणा, एक टोक पायवर, दुसरं हॅटला. वीतभर अंतर पुरतं. बोर्ड उभा ठेवा, आडवा नको.

---

डोंबिवलीकर_विनू

केबल कशाला? सरळ ८ वजा करा, संपला विषय.

---

टोपीवाला_गणेश

पाय तापले की टोपी तापणारच :)

---

मृण्मयी_स

विनू, ८ वजा करून चालणार नाही. आज प्रोसेसर ५८ वर आहे म्हणून फरक ८ आहे. उद्या त्याच पायवर व्हिडिओ लावला की प्रोसेसर ७० वर जाईल आणि फरक वाढेल. रात्री पंखा जोरात असेल तर कमी होईल. म्हणजे आपण हवेची नोंद ठेवतोय असं समजायचं आणि प्रत्यक्षात पायवरच्या कामाची नोंद ठेवायची.

निदान प्रोसेसरचं तापमान तरी हिशोबात घ्या. प्रचलित सूत्र असं: प्रोसेसरच्या तापमानातून बोर्डाचं तापमान वजा करायचं, आलेल्या फरकाला एका गुणकानं भागायचं आणि ते उत्तर बोर्डाच्या तापमानातून वजा करायचं. इंटरनेटवर ५.४६६ हा गुणक सगळीकडे फिरतो. पाऊसवेडींच्या आकड्यांना लावून बघा: ५८ वजा ३७ म्हणजे २१, भागिले ५.४६६, साधारण ३.८. उत्तर आलं ३३. खोलीत २९ आहे! म्हणजे त्यांच्या मांडणीसाठी गुणक २.६ च्या आसपास हवा. डबी कुठली, पंखा आहे का, हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) किती मोठा, यावर तो बदलतो. दुसऱ्याच्या घरचा गुणक आपल्याला लागू पडेल असं धरून चालू नये. शेजारी चांगलं थर्मामीटर ठेवून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जोड्या लिहून काढायच्या आणि आपला गुणक आपण ठरवायचा.

तरीही मी केबलच्याच बाजूनं. चुकीचं मोजून मग दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर मोजावं.

---

डोंबिवलीकर_विनू

पटलं. दिव्यांची पाटीसुद्धा तापते का?

---

मृण्मयी_स

हो. पूर्ण उजेडात पांढरे दिवे लावून ठेवले की तिचीही भर पडते. नोंद घेताना पाटी बंद ठेवा किंवा मंद उजेडाचा पर्याय वापरा. रात्री डोळ्यांनाही बरं.

---

दवबिंदू_काका

मी वेधशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पाऊसवेडी, तुम्ही दिलेले आकडे एकमेकांशी इतके छान जुळतात की ते सोडवून दाखवायचा मोह आवरत नाही.

२९ अंशांना हवा जास्तीत जास्त सुमारे ४० हेक्टोपास्कल बाष्पदाब पेलू शकते. तुमच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के, म्हणजे प्रत्यक्ष बाष्पदाब २४. हीच हवा बोर्डाजवळ जाऊन ३७ अंशांपर्यंत तापली. बाष्प तितकंच राहिलं, पण पेलण्याची मर्यादा ६३ च्या जवळ गेली. २४ भागिले ६३ म्हणजे ३८ टक्के. तुमचा सेन्सर हाच आकडा दाखवतोय! आर्द्रतेचा सेन्सर अगदी खरं बोलतोय, फक्त तो बोर्डाजवळच्या तापलेल्या हवेबद्दल बोलतोय.

यातून एक सोय होते. सापेक्ष आर्द्रतेऐवजी दवबिंदू काढा, म्हणजे हवा थंड होत गेली तर ज्या तापमानाला दव पडायला लागेल तो आकडा. ३७ अंश आणि ३८ टक्क्यांवरून काढा किंवा २९ आणि ६० वरून, उत्तर २०.५ च्या आसपासच येईल. हवा तापल्यानं दवबिंदू बदलत नाही. केबल येईपर्यंत दवबिंदूची नोंद सुरू करा. मान्सूनची चाहूल घ्यायला तोच जास्त उपयोगी. मे महिन्यात पश्चिमेकडचं दमट वारं पुण्यापर्यंत पोचायला लागलं की दवबिंदू चढताना स्पष्ट दिसतो.

आता दाब. तोही बरोबर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तेवढ्या उंचीचा हवेचा थर तुमच्या खाली राहिला, म्हणून ९४५. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीवर उतरवलेला असतो, नाहीतर नकाशावर अलिबाग आणि महाबळेश्वर यांची तुलनाच करता आली नसती. महाबळेश्वरला हाच सेन्सर ८६० च्या आसपास दाखवेल. तुमच्या आकड्याला १.०६५ नं गुणा, १००६ येईल. थंडीत हा गुणक किंचित वाढतो, कारण थंड हवा जड.

आणखी एक: आमच्याकडे थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असायची. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, दार उत्तरेकडे, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरनं तयार केली. तुमचा बोर्ड बाल्कनीत नेणार असाल तर तसलंच काही करा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उलट्या करून, मध्ये फट ठेवून, एकावर एक बसवल्या तरी काम होतं.

---

पाऊसवेडी

काका, मनापासून धन्यवाद. भाचीनं वहीत ४०, ६३, २४ मांडून भागाकार केला आणि ३८ आल्यावर उड्याच मारल्या. बोर्ड परत करत नाही. केबल मागवली.

एक नवीन प्रश्न. दाबाचा आलेख काढला तर तो रोज दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो. आकाश निरभ्र, वारा नाही, तरीही. हासुद्धा पायच्या उष्णतेचा परिणाम का?

---

खटपट्या

पंखा किंवा एसी ठरावीक वेळी लागतो का?

---

दवबिंदू_काका

नाही हो, पंख्याचा संबंध नाही. पाऊसवेडी, तुम्ही वातावरणाची भरती-ओहोटी पकडलीत!

सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. आपल्याकडे या चढउताराचा पल्ला साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे, पण ही सूर्याच्या उष्णतेमुळे. वरच्या थरातला ओझोन आणि खालच्या थरातलं बाष्प ऊन शोषतात, त्यातून बारा तासांची एक लाट पृथ्वीभोवती फिरत राहते. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात ती ठळक असते. युरोपात ती लहान असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांच्या चढउतारात बुडून जाते. तिकडच्या पुस्तकात ‘तीन तासांत दाब उतरला की पाऊस’ असं लिहिलेलं असतं, ते इथे जसंच्या तसं लावलं तर रोज दुपारी पावसाचा अंदाज द्यावा लागेल. इथे आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. चोवीस तासांतला फरक बघायचा.

जुने खलाशी उष्ण कटिबंधात याच लाटेवर नजर ठेवायचे. रोजचा चढउतार मोडला की समजायचं, जवळपास वादळ आहे.

---

किनारा_रायगड

काकांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. माझ्याकडे पायवर साधा दाबाचा सेन्सर चालू होता. सकाळी दहाला दाब चढायला हवा होता, तो उतरतच गेला. मग वीज गेली आणि नोंद थांबली. सगळ्यात महत्त्वाचे तास माझ्याकडे नाहीत. आमच्याकडे वीज परत यायला कित्येक दिवस लागले, घरांचं आणि बागांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हवामान केंद्र लावणाऱ्या प्रत्येकाला सांगणं: बॅटरीची सोय आधी करा.

---

मृण्मयी_स

आणि घड्याळाचीही. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही, वेळ इंटरनेटवरून येते. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर तो जुन्या वेळेपासून पुढे मोजत बसतो आणि नोंदी चुकीच्या तासांवर पडतात. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. पाय ४ साठी डीएस ३२३१ हे घड्याळाचं चिमुकलं मॉड्यूल लावा. सेन्स हॅटवरच्या कुठल्याही सेन्सरच्या पत्त्याशी त्याची टक्कर होत नाही. हॅट सगळ्या पिना झाकतो हे खरं, पण लांब पिनांचा सॉकेट मध्ये घातला की वायर काढता येते.

पॉवरबँक लावणार असाल तर चार्ज होता होता वीज देणारीच घ्या. काही पॉवरबँका चार्जिंग सुरू झालं की क्षणभर पुरवठा तोडतात आणि तेवढ्यात पाय बंद पडतो. मेमरी कार्डही अशा झटक्यांनी खराब होतं, म्हणून दर सेकंदाला कार्डावर लिहू नका. पाच-दहा मिनिटांच्या नोंदी जमवून एकदम लिहा.

---

आकाशगंगा_पुणे

दाबाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. त्याची दाबाची लाट जगभर फिरली. इथून टोंगा जवळजवळ १२,८०० किलोमीटर. माझ्या सेन्स हॅटच्या नोंदीत त्या रात्री नऊच्या सुमारास एक स्पष्ट टेकाड आहे, एक-दीड हेक्टोपास्कलचं. अंतराला वेळेनं भागलं तर वेग सेकंदाला ३१० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरासा खाली. टेबलावरच्या बोर्डानं अर्ध्या पृथ्वीपलीकडचा स्फोट टिपला. त्या दिवसापासून मी दाबाची नोंद एक मिनिटसुद्धा बंद ठेवलेली नाही.

---

पाऊसवेडी

आकाशगंगा, अंगावर काटा आला वाचून! तो आलेख इथे टाकाल का?

---

रेडिंगवासी

मी इंग्लंडात असते. धाग्याला थोडं फाटा फोडते, पण सेन्स हॅटची गोष्ट अंतराळाशिवाय अपुरी आहे.

हा बोर्ड मुळात ॲस्ट्रो पाय मोहिमेसाठी बनवला. डिसेंबर २०१५ मध्ये दोन रास्पबेरी पाय, दोन्हींवर सेन्स हॅट, सिग्नस मालवाहू यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. त्याच महिन्यात ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक तिथे पोचले. शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्राम त्यांनी त्यावर चालवले. त्या दोन संगणकांची नावं एड आणि इझी. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या जागी पाय ४ वर बांधलेली नवी जोडी गेली, तिला निकोला टेस्ला आणि मारी क्युरी यांची नावं दिली आहेत.

तापण्याचा प्रश्न तिथे आणखी बिकट. गुरुत्वाकर्षण जाणवत नाही म्हणून गरम हवा वर जात नाही, ती तिथेच घोटाळत राहते. म्हणून त्यांची डबी अख्खी ॲल्युमिनियमची, पंखांसारख्या पट्ट्यांची. डबी हाच हीटसिंक.

माझ्या मुलीनं शाळेतल्या क्लबमधून ॲस्ट्रो पायच्या मिशन झिरो या मुलांच्या स्पर्धेसाठी प्रोग्राम पाठवला होता. प्रत्येक प्रोग्राम ३० सेकंदांपर्यंत चालतो. तिच्या प्रमाणपत्रावर तो केव्हा चालला आणि तेव्हा स्थानक पृथ्वीवर कुठे होतं ते छापलंय: प्रशांत महासागरावर. आजी-आजोबांनी सांगलीत त्या प्रमाणपत्राची प्रत चौकट करून लावली आहे.

---

शिक्षक_सोलापूर

रेडिंगवासी ताई, आमच्या मुलांना भाग घेता येईल का? आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, आठवी-नववीची मुलं फार उत्साही आहेत.

---

रेडिंगवासी

सर, वाईट वाटतं सांगताना, पण स्पर्धा युरोपीय अंतराळ संस्थेचे सदस्य आणि सहयोगी असलेल्या देशांपुरती आहे. भारत त्यात नाही. पण शिकायचं साहित्य सगळ्यांना मोफत खुलं आहे. आणि एक फार उपयोगी गोष्ट: सेन्स हॅटचा इम्युलेटर मिळतो. पडद्यावर बोर्ड दिसतो, पट्ट्या सरकवून तापमान, दाब, आर्द्रता बदलता येते, दिवे लागतात. प्रोग्राम तोच, फक्त सुरुवातीच्या ओळीत लायब्ररीचं नाव बदलायचं. शाळेत बोर्ड एकच असला तरी मुलं आपापल्या संगणकावर लिहितील आणि शेवटी पाळीपाळीनं खऱ्या बोर्डावर चालवतील.

---

शिक्षक_सोलापूर

हे फार कामाचं सांगितलंत. आमची अडचण नेमकी हीच, मुलं तीसेक आणि बोर्ड एक.

मुलांचा एक प्रश्न इथे विचारतो. लाल दिव्याला २५५ दिलं आणि लगेच परत वाचलं तर २४८ येतं. सात कुठे गेले?

---

मृण्मयी_स

सर, मुलांनी छान पकडलंय. पाटीची मेमरी एका दिव्याला १६ बिट देते: लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. पाच बिटांत ३२ च पायऱ्या बसतात, म्हणजे प्रत्येक पायरी ८ ची. २५५ च्या खालची सगळ्यात वरची पायरी २४८. हिरवा देऊन बघायला सांगा, त्याला एक बिट जास्त आहे, तिथे २५२ येईल. का ते मुलंच शोधतील.

---

अक्षरगंध

या पाटीवर मराठी कोणी दाखवलंय का? सोबत येणारी अक्षरं फक्त रोमन आहेत. मराठी मजकूर दिला की काहीच धड उमटत नाही.

मी आलेखाच्या वहीत चौकटी भरून अक्षरं काढायला घेतली. शिरोरेषेला एक ओळ गेली की खाली सात उरतात. त्यात ग, र, म, ट, ळ नीट बसतात. काना बसतो. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार वर जातात, उकार खाली जातो, तिथे गाडी अडते. शिरोरेषा तिसऱ्या ओळीवर आणली तर अक्षराला पाचच ओळी राहतात आणि ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत. म्हणून सध्या मी शब्दच असे निवडलेत ज्यांना वर-खाली काही लागत नाही: गरम, दमट, वादळ. आठ ओळींची लांबलचक पट्टी करायची आणि आठ-आठ स्तंभांची खिडकी डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची. शिरोरेषा सलग ठेवली की सरकताना शब्द फार देखणा दिसतो.

---

पाऊसवेडी

अक्षरगंध, ‘पाऊस’ जमेल का? ‘ऊ’चं काय?

---

अक्षरगंध

‘ऊ’ला मात्रा-वेलांटी नाही, म्हणून तो सातात बसतो, फक्त सहा स्तंभ रुंद करावा लागला. जमला! तुमच्या भाचीसाठी पट्टी पाठवते.

---

घासाघीस

माझं मत वेगळं आहे. हवामानासाठी सेन्स हॅट घेऊच नये. होकायंत्र, जायरो, दिवे, जॉयस्टिक यांचे पैसे मोजायचे, आणि ज्यासाठी घेतला ते तापमान मात्र चुकीचं. बीएमई २८० चा नखाएवढा बोर्ड त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. तापमान, आर्द्रता, दाब तिन्ही देतो. चार वायरी जोडायच्या आणि पायपासून लांब टांगायचा.

---

मृण्मयी_स

नुसत्या नोंदी हव्या असतील तर तुमचं बरोबर आहे. पण धागाकर्तीबरोबर शाळकरी मुलगी आहे. पहिल्याच संध्याकाळी दिवे लागणं, बोर्ड कलंडवला की ठिपका घरंगळणं, याची किंमत कशी करायची? ती आज दवबिंदूचा भागाकार करतेय. चार वायरींतली एक उलटी लागून पहिल्या दिवशी काहीच चाललं नसतं तर कदाचित केला नसता.

बीएमई घेणाऱ्यांनी मात्र जपून. त्या नावाखाली सर्रास बीएमपी २८० विकतात, त्यात आर्द्रता नसते. धातूची टोपी चौरस असेल तर बीएमई, लांबट असेल तर बीएमपी. चिपचा ओळख क्रमांक हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या आकड्यांत) वाचला तर बीएमई ६० सांगतो, बीएमपी ५८. आणि वीज ३.३ व्होल्टचीच द्या. पायच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत.

---

घासाघीस

मुलांसाठी सेन्स हॅट, हे मान्य. बाल्कनीसाठी बीएमई, या मतावर मी ठाम आहे.

---

पाटणचा_वाटसरू

इतके जाणकार आहेत म्हणून विचारतो. मी कोयना भागातला. आमच्याकडे अधूनमधून जमीन हादरते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकत मोठा झालो. या बोर्डावर हालचालीचा सेन्सर आहे, त्यानं धक्के नोंदवता येतील का?

---

आकाशगंगा_पुणे

जवळचा, माणसाला जाणवणारा धक्का बहुधा दिसेल. न जाणवणारे मात्र सेन्सरच्या स्वतःच्या खरखरीत हरवतील. दार आपटणं, वॉशिंग मशीन, रस्त्यावरचा ट्रक हे सगळं त्याआधी दिसेल. बोर्ड टेबलावर न ठेवता घराच्या जोत्यावर, जमिनीला घट्ट स्क्रूनं बसवा. खरी आवड असेल तर जिओफोन घ्या. तो जमिनीच्या कंपनाचा वेग मोजतो आणि कितीतरी बारीक हालचाल पकडतो. पायवर बसणारे जिओफोनचे तयार संच मिळतात. तुमच्या जवळच कराडला बोअरहोल जिओफिजिक्स संशोधन प्रयोगशाळा आहे, कोयना परिसराच्या भूकंपांचाच अभ्यास करते.

---

पाटणचा_वाटसरू

धन्यवाद दादा. जोत्याचं लक्षात ठेवतो.

---

निफाडचा_शेतकरी

सगळा धागा वाचला. माझी कांदाचाळ आहे. आत उष्णता आणि ओल किती आहे ते घरबसल्या कळलं तर सड लागायच्या आधी हालचाल करता येईल. हा हॅट चाळीत लावला तर चालेल का?

---

खटपट्या

दादा, हा लावू नका. उघडा बोर्ड आहे, धूळ आणि पाती आत जातील, आणि आर्द्रतेचा सेन्सर ८० टक्क्यांच्या वर तितका काटेकोर राहत नाही. पावसाळ्यात तुम्हाला नेमका तोच भाग हवा आहे.

तुमच्यासाठी: कांद्याच्या थरात खोचायला डीएस १८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीतला, पाणी न शिरणारा. एकाच वायरवर अनेक लावता येतात, बऱ्याच लांबपर्यंत वायर चालते, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. चाळीच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध, तळाशी आणि वरच्या थरात, असे खोचा. तळाची आणि मधली हवा खेळत नाही, सड तिथूनच सुरू होते. ओल मोजायला मॉडबस या लांब वायरीवर चालणाऱ्या पद्धतीचा सेन्सर घ्या. आय-टू-सी या जवळच्या जोडणीचे साधे सेन्सर मीटरभरापलीकडे दगा देतात. पाय घरात ठेवा, चाळीत नको.

---

दवबिंदू_काका

शेतकरी दादा, साठवणीच्या कांद्याला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. चाळीच्या आतला आणि बाहेरचा दवबिंदू दोन्ही नोंदवा. आतला जास्त असेल तर बाजूचे पडदे उघडून वारा आत घ्या, ओल बाहेर जाईल. बाहेरचा जास्त असेल तर उघडून उलट ओल आत येईल. नुसत्या टक्क्यांवरून हे कळत नाही, कारण आत-बाहेर तापमान वेगळं असतं.

---

निफाडचा_शेतकरी

काका, हे कोणी आजवर असं सांगितलं नव्हतं. आम्ही पाऊस उघडला की पडदे उघडतो, हवा कशी आहे ते बघत नाही.

---

पाऊसवेडी

केबल आली. बोर्ड पायपासून वीतभर लांब, उभा, खिडकीच्या आतल्या बाजूला सावलीत आहे. भिंतीवरचं थर्मामीटर आणि बोर्ड यांच्यात आता अर्ध्या अंशाच्या आसपास फरक राहतो, आर्द्रतेत दोन-तीन टक्के. दोन्ही फंक्शनांचे आकडेही जवळ आले. काकांनी सांगितलं होतं तसा दवबिंदू मात्र केबल लावायच्या आधी आणि नंतर जवळजवळ तोच आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी फुकट गेल्या नाहीत. घड्याळाचं मॉड्यूल आणि पॉवरबँक लावली.

विनू, वजाबाकी करावीच लागली नाही :)

घासाघीस, बाल्कनीसाठी बीएमईही घेतला. टोपी चौरस आहे, ओळख क्रमांक ६०.

---

निफाडचा_शेतकरी

ताई, दवबिंदू काढायचा प्रोग्राम इथे टाकाल का? माझा पुतण्या बारावीला आहे, तो बसवून देईल. पडदे उघडायचे की बंद ठेवायचे, एवढंच फोनवर आलं तरी पुरे.

---

पाऊसवेडी

आज रात्रीच टाकते दादा. आत-बाहेरच्या तुलनेची ओळही त्यात घालते.